मागची फळी

सिंचन खात्याच्या लिलावात विश्वंभरने बोट घेतली
तेव्हा तिला इंजिन नव्हतं.
अठरा फूट फायबर, दोन फाटक्या गाद्या,
गादीखाली गांधीलमाश्यांचं रिकामं घर
आणि मागच्या फळीवर बुजवलेली भोकं:
डावीकडे चार, उजवीकडे चार,
मधोमध पुन्हा चार.
म्हणजे आमच्याआधीही कुणाचं तरी मत बदललं होतं.

कोकणात या फळीला वेगळं नाव असेल.
आम्ही लष्करचे. आम्ही तिला पाठ म्हणतो.

विश्वंभर म्हणाला, दोन घेऊ, चाळीस-चाळीसची.
तिघऱ्याच्या मध्यावर एक बंद पडलं
तर दुसरं घरी आणेल.
खाली मगरी आहेत.
मगरी तो दर दोन वाक्यांनी काढतो,
लग्नाच्या बैठकीत मामंजी
घराणं काढायचे तशा.

मी मोतीझीलच्या पंपघरात एकतीस वर्षं काढली.
तिथेही दोन होते. एक चालू, एक राखीव.
राखीवला दर मंगळवारी तेल,
दसऱ्याला दोघांना एकेक नारळ.
एका जूनमध्ये चालू पंप जळला,
मी राखीवचं बटण दाबलं.
दोघांची वीज एकाच पेटीतून यायची
आणि पेटीत पाल मरून पडली होती.
त्या दिवशी अर्ध्या शहराने
माझ्या आईची विचारपूस केली.

म्हणून मी विचारलं, टाकी किती?
एकच, म्हणाला.
मग पाणी शिरलेलं तेच पेट्रोल
दोघं सख्ख्या भावांसारखे पितील
आणि एकदमच मान टाकतील.
दोन टाक्या बसवू.
दोन बॅटऱ्या. दोन नळ्या. दोन पंखे.
बोलता बोलता बोट भरत गेली
आणि माणसांना जागा उरेना.

रमजानी उस्ताद लोहिया बाजारातून टेम्पोने आले.
हत्यार म्हणाल तर एक पेचकस.
आमचा हिशेब ऐकला नाही, चहा नको म्हणाले.
पेचकसाची लाकडी मूठ फळीवर ठोकत गेले,
छातीचा डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसे.
डावीकडे टण्, टण्.
मध्ये टण्.
उजवीकडे, खालच्या भोकाशी,
बद्द.

पुन्हा वाजवलं. पुन्हा बद्द.
मग फायबरच्या आत कुजत बसलेल्या लाकडाला
कान लावून ते बराच वेळ ओणवे राहिले.
"साहब, ये दो नहीं झेलेगी."

विश्वंभरचा हात तेव्हा
डाव्या खांद्याखाली गेला,
गेल्या दिवाळीनंतर जिथे डबी बसवली तिथे.
काडेपेटीपेक्षा लहान,
बॅटरी दहा वर्षं चालते म्हणे.
मी पेट्रोलचे भाव काढले होते,
प्रत्येकी शंभर किलो वजन काढलं होतं,
एक बंद पडलं की बोट कशी एकीकडे ओढते
ते कागदावर आखून दाखवलं होतं.
हे मात्र मला सुचलं नव्हतं.
कागद मी खिशात ठेवला.

शेवटी एकच आणलं. साठचं, वापरलेलं, भोपाळहून.
उस्तादांनी ओलं लाकूड कापून काढलं,
नवी फळी भरली, मधलीच चार भोकं मोठी केली.
दोन वल्ही मी आणली, शिसवी,
बोटीला न शोभणारी.
विश्वंभर त्यांना "तुझा राखीव" म्हणतो.

पहिल्या दिवशी मध्यावर जाऊन
मी किल्ली उलटी फिरवली.
बघू तरी.
हेच पाणी मी एकतीस वर्षं शहरावर ढकललं
आणि त्याला आवाज नसतो
हे तेव्हा कळलं.
बोट आपोआप किंचित वळली,
किनारा डावीकडून उजवीकडे गेला.
किल्ली माझ्या हातात होती.
मी लगेच फिरवली नाही.
"मगरी," विश्वंभर म्हणाला,
पण हळू.